ईसीजी नॉर्मल आला, तरी छातीत धडधड का होते?

प्रश्न: माझं वय ४१. बार्शीजवळच्या गावात राहते, घरी शिलाईकाम करते. आठ-नऊ महिन्यांपासून छातीत धडधडतं. रात्री डाव्या कुशीवर आडवी झाले की मध्येच ठोका चुकतो आणि मग एक जोराचा दणका बसतो. शिवाय महिना-दीड महिन्यातून एकदा, काही कारण नसताना एकदम भयंकर धडधड सुरू होते, मानेतही उडतं, हातपाय गळून जातात. वीस-पंचवीस मिनिटांनी ती आपोआप थांबते आणि नंतर दोन-तीनदा लघवीला जावं लागतं. ईसीजी आणि टू-डी इको दोन्ही नॉर्मल आहेत. टेन्शनमुळे होतंय असं सांगून झोपेची गोळी दिली आहे. थायरॉइडची ७५ची गोळी चार वर्षांपासून चालू आहे. घरचे म्हणतात मनाचे खेळ आहेत, जाऊबाई म्हणतात अँजिओग्राफी करून घे. हे हार्ट अटॅकचं लक्षण आहे का? आषाढीला दिंडीत पायी जायचं आहे, जाऊ का?

उत्तर: ताई, आधी थेट सांगतो. तुम्ही लिहिलंय त्यावरून हे हार्ट अटॅकचं लक्षण वाटत नाही. अँजिओग्राफीची आज गरज दिसत नाही. आणि हे मनाचे खेळ आहेत, हेही मला मान्य नाही. तुमच्या वर्णनात मला दोन वेगवेगळे त्रास दिसतात. रात्री ठोका चुकणं हा एक, आणि अचानक सुरू होऊन आपोआप थांबणारी धडधड हा दुसरा. दोन्हींचं कारण वेगळं, धोका वेगळा, उपायही वेगळा. दवाखान्यात गर्दी असते, घाईत ‘छातीत धडधडतं’ एवढंच सांगून होतं, आणि मग दोन्हींचं खापर टेन्शनवर फुटतं.

ईसीजीपासून सुरुवात करू. साध्या ईसीजीत हृदयाच्या ठोक्यांची साधारण दहा सेकंदांची नोंद होते. मिनिटाला ७० धरले तरी हृदय दिवसभरात एक लाख ठोके देतं, पट्टीवर त्यातले दहा-बारा उमटतात. धडधड थांबल्यावर दोन दिवसांनी काढलेला ईसीजी नॉर्मल येणारच. त्या दहा सेकंदांत ठोके ठीक पडत होते, इतकंच तो सांगतो. तरी तो वाया गेलेला नाही. जन्मापासून असलेली विजेची जादा वाट, न कळता येऊन गेलेला अटॅक, क्यूटी (प्रत्येक ठोक्याला हृदयाची वीज उठून शांत व्हायला लागणारा वेळ) लांबलेला असणं, अशा काही गोष्टी धडधड नसतानाही पट्टीवर सापडू शकतात. तुमच्या पट्टीत त्या दिसलेल्या नाहीत. टू-डी इकोत झडपा आणि हृदयाचं पंपिंग चांगलं आहे. ही फार मोठी जमेची बाजू, कारण ठोक्यांचे बहुतेक जीवघेणे बिघाड आधीच दुबळ्या किंवा जाड झालेल्या हृदयात होतात.

आता रात्रीचा त्रास. याला आम्ही एक्टोपिक ठोके म्हणतो. हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात सायनस नोड नावाचा पेशींचा पुंजका असतो, ठोक्याचा इशारा तिथून निघतो. कधी कधी दुसऱ्याच जागची एखादी पेशी मध्येच इशारा देते आणि ठोका वेळेआधी पडतो. तेव्हा हृदयात पुरेसं रक्त भरलेलं नसतं, म्हणून तो ठोका क्षीण असतो, बऱ्याचदा जाणवतही नाही. त्यानंतर हृदय जरा जास्त वेळ थांबतं. हाच तुमचा चुकलेला ठोका. त्या थांब्यात हृदय नेहमीपेक्षा जास्त भरतं आणि पुढचा ठोका जोरात देतं, तो दणका. म्हणजे ज्या ठोक्याने तुम्ही दचकून उठता, तो स्वतः अगदी निरोगी ठोका असतो. डाव्या कुशीवर हृदय छातीच्या भिंतीच्या अधिक जवळ येतं, घरात शांतता असते, दिवसभर मशीनवर गुंतलेलं लक्ष मोकळं झालेलं असतं, म्हणून हे नेमकं तेव्हाच जाणवतं.

असे ठोके बहुतेक सगळ्यांना पडतात. धडधाकट माणसाची २४ तासांची नोंद केली तरी ते सापडतात, फक्त अनेकांना त्यांचा पत्ता नसतो. इको चांगला असेल तर त्यांच्यापासून सहसा धोका नसतो. एक गोष्ट तुम्ही स्वतः पाहू शकता. भराभर चालताना किंवा जिना चढताना ते नाहीसे होत असतील तर ते चांगलं लक्षण. उलट श्रम केल्यावर वाढत असतील आणि सोबत भोवळ येत असेल, तर मात्र मी थांबणार नाही, पुढच्या तपासण्या लगेच करायला सांगेन.

कोविडच्या वेळी घेतलेलं ऑक्सिमीटर अजून बऱ्याच घरांत आहे, म्हणून एक इशारा. एक साधा, एक एक्टोपिक, पुन्हा एक साधा, असं काही वेळ चाललं तर क्षीण ठोके बोटापर्यंत पोहोचत नाहीत आणि यंत्र निम्मेच मोजतं. पडद्यावर ३८ किंवा ४० आकडा दिसतो, घरचे घाबरून मध्यरात्री गाडी काढतात. स्टेथोस्कोप छातीला लावला की ठोके ७६-८० भरतात. आकडा खूप कमी दिसला, पण चक्कर, घाम, दम यांपैकी काही नाही, तर आधी शांत बसा आणि दुसऱ्या कुणाला तरी तुमच्या छातीला कान लावून मिनिटभर ठोके मोजायला सांगा. तिथेही ५०च्या खाली भरले आणि पूर्वी कधी असं नव्हतं, तर त्याच दिवशी दाखवा. सोबत भोवळ येत असेल तर मोजत बसू नका, निघा.

‘मग हे ठोके बंद होतील अशी गोळी द्या’ असं पुष्कळ जण म्हणतात. एके काळी वैद्यकशास्त्रानेही तसंच केलं. १९८०च्या दशकात अटॅक येऊन गेलेल्या रुग्णांना एक्टोपिक दाबणारी औषधं दिली जात. कास्ट नावाच्या मोठ्या चाचणीत १९८९ साली निष्कर्ष आला: एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड या औषधांनी ठोके कमी झाले, पण ती घेणाऱ्यांत मृत्यूंचं प्रमाण वाढलं. तेव्हापासून नुसती पट्टी स्वच्छ दिसावी म्हणून औषध द्यायचं नाही, हे आम्ही पक्कं शिकलो. त्रास फारच होत असेल तर मेटोप्रोलॉलसारखा बीटा-ब्लॉकर, म्हणजे ठोक्यांचा वेग आणि जोर कमी करणारं औषध, कमी डोसमध्ये देता येतो. खालच्या कप्प्यांतून येणारे एक्टोपिक २४ तासांतल्या एकूण ठोक्यांच्या १० टक्क्यांहून जास्त निघाले, तर मात्र हृदयतज्ज्ञांकडे जायचं आणि ठरावीक काळाने इको पुन्हा करायचा. इतक्या संख्येने ते वर्षानुवर्षं पडत राहिले तर काहींच्या हृदयाचं पंपिंग कमी होतं.

तुमच्या दुसऱ्या त्रासाकडे मला जास्त लक्ष द्यायचं आहे, कारण तिथे निदान निसटलं आहे असं मला वाटतं. काही कारण नसताना एकदम सुरू होते, मानेत उडतं, वीस-पंचवीस मिनिटांनी थांबते, नंतर भरपूर लघवी होते. एवढं ऐकल्यावर माझ्या मनात पहिलं नाव येतं ते एसव्हीटी, म्हणजे सुप्राव्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डिया. त्यातला सर्वांत जास्त आढळणारा प्रकार तर तुमच्या वर्णनाशी फारच जुळतो. हृदयाच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांच्या मध्ये एव्ही नोड नावाचं ठाणं असतं, विजेचा इशारा त्यातून खाली जातो. काही माणसांत या ठाण्याशी येणाऱ्या वाटा एकाऐवजी दोन असतात, एक जलद आणि एक संथ. एरवी त्याने काही बिघडत नाही. पण एखादा एक्टोपिक ठोका नेमक्या क्षणी पडला, की इशारा एका वाटेने खाली जातो, दुसऱ्या वाटेने वर परततो आणि तिथल्या तिथे गरगर फिरू लागतो. ठोके त्याच क्षणी मिनिटाला १५० ते २२० होतात. फेरा तुटला की सगळं पूर्ववत. म्हणून ही धडधड हळूहळू चढत नाही आणि हळूहळू उतरतही नाही. मी रुग्णांना विचारतो, बटण दाबावं तशी सुरू होते का आणि तशीच बंद होते का? हो म्हणाले, तर निम्मं निदान तिथेच झालेलं असतं. तुम्ही सुरुवात ‘एकदम’ होते असं लिहिलंय. थांबताना कशी थांबते, ते पुढच्या वेळी बघून ठेवा.

मानेत उडण्याचं कारणही यातच आहे. या प्रकारात वरचे आणि खालचे कप्पे जवळपास एकाच वेळी आकुंचन पावतात. मधल्या झडपा तेव्हा बंद असतात, म्हणून वरच्या कप्प्यातलं रक्त मागे फेकलं जातं आणि मानेच्या शिरा थडथड उडतात. आणि लघवी? वरचे कप्पे ताणले गेले की ते एक संप्रेरक सोडतात आणि ते मूत्रपिंडाला जास्त लघवी करायला लावतं. हे मुद्दाम सांगतो, कारण तुमच्यासारख्या कितीतरी बायका लघवीचा उल्लेख लाजत, शेवटी उंबऱ्यापाशी करतात किंवा करतच नाहीत. निदानाच्या दृष्टीने तो मोलाचा असतो. हा प्रकार पुरुषांपेक्षा स्त्रियांत सुमारे दुपटीने आढळतो, हृदय बाकी निरोगी असतं आणि जिवाला धोका सहसा नसतो.

टेन्शनचा शिक्का बसलेल्या तुम्ही एकट्या नाही. १९९७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एसव्हीटी सिद्ध झालेल्या १०७ रुग्णांची जुनी कागदपत्रं तपासली होती. निम्म्याहून जास्त जणांत पहिल्या तपासणीत हा आजार ओळखलाच गेला नव्हता. त्यांची लक्षणं पॅनिक, चिंता, ताण यांत मोडली गेली होती, आणि असं स्त्रियांच्या बाबतीत पुरुषांपेक्षा जास्त घडलं होतं. माझ्या ओपीडीत बसून मलाही हेच दिसतं. पन्नाशीच्या आतली बाई, ईसीजी नॉर्मल, चेहऱ्यावर भीती, की ‘काही नाही हो, टेन्शन घेऊ नका’. धडधडीच्या वेळचा ईसीजी हाती नसताना असं म्हणायचा अधिकार कुणालाही नाही, असं माझं ठाम मत आहे.

पॅनिक अटॅक नसतोच असं नाही. तो खरा आजार आहे, त्यातही हृदय खरंच वेगाने धावतं आणि त्यावर चांगले उपचार आहेत. पण त्याची चाल वेगळी असते. धडधड काही मिनिटांत चढत जाते, श्वास वेगाने होऊ लागतो, बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात, जीव जातोय असं वाटतं, आणि मग सगळं सावकाश ओसरतं. ठोके बहुधा १०० ते १४०च्या आसपास असतात. आणि हेही खरं, की दर महिन्याला न सांगता छातीत १८०ने धडधडायला लागलं, तर कुणाच्याही मनात भीती घर करेल. आठवड्याच्या बाजाराला एकटीने जायचं धाडस होत नाही, रात्री झोप लागत नाही. ती भीती त्रासानंतर आलेली असते. तिला त्रासाचं कारण ठरवलं की मूळ आजार बाजूला राहतो.

तर आता करायचं काय? धडधड चालू असतानाची नोंद मिळवायची. सगळं त्यावर अडलं आहे.

पुढच्या वेळी सुरू झाली की बसून घ्या आणि ऑक्सिमीटर बोटाला लावा. घरात बीपीचं डिजिटल मशीन असेल तर तेही चालेल, त्यावर पल्सचा आकडा येतो. मुलाला किंवा मुलीला त्या पडद्याचा मोबाइलवर मिनिटभर व्हिडिओ काढायला सांगा. यंत्र नसेल तर अंगठ्याच्या बाजूने मनगटावर तीन बोटं ठेवून ३० सेकंद नाडी मोजा आणि दुप्पट करा. फार वेगात असेल तर मोजता येणार नाही, तेही लिहून ठेवा. ठोके अगदी सारख्या अंतराने पडताहेत की कसेही, हे बघा. डॉक्टरांसमोर टेबलावर बोटाने वाजवून दाखवलंत तरी त्यांना पुष्कळ कळेल. किती वाजता सुरू झाली, तेव्हा काय करत होतात, कशी थांबली, हे वहीत टिपा. वाकून कापड उचलताना सुरू झाली, असं एसव्हीटीचे रुग्ण बऱ्याचदा सांगतात.

दुसरं, जवळात जवळ ईसीजी कुठे निघतो हे आजच विचारून ठेवा. ग्रामीण रुग्णालय असो, खाजगी दवाखाना असो. वीस-पंचवीस मिनिटांत तिथवर पोहोचता येत असेल तर निघायचं, पण स्वतः स्कूटी चालवत नाही, कुणाच्या तरी मागे बसून. गेल्या गेल्या सांगायचं, ‘धडधड आत्ता चालू आहे, आधी ईसीजी काढा.’ इंजेक्शनने धडधड थांबली आणि पट्टी काढलीच नाही, तर तुमचं निदान पुन्हा पुढच्या महिन्यावर गेलं. पट्टी मिळाली की तिची झेरॉक्स काढा किंवा मोबाइलवर फोटो घ्या. तो कागद उष्णतेवर छपाई होणारा असतो, काही महिन्यांत अक्षरं उडून जातात. फाइलमधून कोरी करकरीत पट्टी निघाली की रुग्णाइतकंच मलाही वाईट वाटतं.

तिसरा मार्ग होल्टरचा. नॉर्मन होल्टर या अमेरिकन संशोधकाचं पहिलं यंत्र पाठीवर बांधायचं होतं आणि त्याचं वजन सुमारे ३८ किलो होतं. आज ते मोबाइलपेक्षा लहान आहे. छातीला पट्ट्या चिकटवून ते २४ किंवा ४८ तास बाळगायचं. तुमच्या रात्रीच्या एक्टोपिकसाठी होल्टर उत्तम, ते किती पडतात हे नेमकं कळेल. पण महिन्यातून एकदा येणारी धडधड त्या एका दिवसात सापडण्याची शक्यता फार कमी, आणि ‘होल्टर नॉर्मल’ म्हणून पुन्हा टेन्शनचा शिक्का बसायला नको. त्यासाठी आठवडा-दोन आठवडे राहणारा रेकॉर्डर सोलापूर-पुण्याकडे मिळतो. ईसीजीची सोय असलेलं मनगटी घड्याळ घरात कुणाकडे असेल, तर तेही वापरा. नुसता पल्स दाखवणारं घड्याळ वेगळं, त्याच्या आकड्यावर फार विसंबू नका.

धडधड चालू असताना ती थांबवायचा एक घरगुती प्रयत्न आहे, आणि त्याला चांगला पुरावा आहे. १० मिलीची रिकामी सिरिंज घ्यायची, सुई न लावता. पलंगावर पाठीला उशा लावून अर्धवट बसायचं, सिरिंजच्या तोंडात १५ सेकंद जोर लावून फुंकायचं, आतला दट्ट्या जेमतेम हलेल इतपत. लगेच सपाट आडवं व्हायचं आणि दुसऱ्याने तुमचे दोन्ही पाय ४५ अंशांत उचलून १५ सेकंद धरायचे. मग पुन्हा उशांना टेकून बसायचं आणि पाऊण मिनिट थांबायचं. २०१५ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या चाचणीत जोर लावून पाय उचलण्याच्या या पद्धतीने ४३ टक्के रुग्णांचा एसव्हीटी थांबला, नुसत्या जोर लावण्याने १७ टक्क्यांचा. एकदा डॉक्टरांसमोर करून शिकून घ्या. डोळे दाबणं, मान चोळणं, असले जुने उपाय घरी अजिबात नकोत. शेजारणीची ‘धडधडीची गोळी’ही नको.

घरी थांबायची मर्यादा अर्ध्या तासाची. त्याआधीही छातीत दुखणं, दम लागणं, घामाने भिजणं, डोळ्यांपुढे अंधारी येणं किंवा शुद्ध हरपणं, यांतलं काहीही झालं तर १०८ला फोन करायचा, सिरिंज शोधत बसायचं नाही. दवाखान्यात ॲडेनोसिन नावाचं इंजेक्शन देतात. शिरेतून दिल्यावर काही सेकंदांत धडधड तुटते. त्या काही सेकंदांत छाती भरून येते, बुडाल्यासारखं वाटतं आणि लगेच जातं. आधी माहीत असलं की घाबरायला होत नाही. दम्याचा आजार असेल तर इंजेक्शनआधी तो आवर्जून सांगा.

आता थायरॉइड. चार वर्षं ७५ची गोळी चालू आहे, पण शेवटची टीएसएच तपासणी (थायरॉइडचा डोस बरोबर आहे का ते सांगणारी रक्ततपासणी) कधी झाली ते तुम्ही लिहिलं नाही. पत्र वाचताना मला सगळ्यात आधी हेच खटकलं. डोस गरजेपेक्षा जास्त होत असेल तर शरीराची अवस्था थायरॉइड वाढल्यासारखी होते: धडधड, हात थरथरणं, घाम, वजन उतरणं, झोप न लागणं. एक्टोपिक वाढतात, एसव्हीटी वारंवार येऊ लागतो. डोस जास्त झाला की टीएसएच खाली जाते; वयस्कर माणसांत ती फार खाली राहिली तर एट्रिअल फिब्रिलेशन, म्हणजे वरच्या कप्प्यांचा ताल पूर्ण बिघडणं, याचा धोकाही वाढतो. या आठवड्यात टीएसएच करा. गोळी मनाने बंद करू नका, अर्धीही करू नका, रिपोर्ट बघून डॉक्टर ठरवतील.

त्याच रक्तात हिमोग्लोबिन, पोटॅशियम आणि साखर बघून घ्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला होता. रक्त कमी असलं की तेवढाच प्राणवायू पोहोचवायला हृदयाला जास्त ठोके द्यावे लागतात. चाळिशीत पाळीला जास्त जात असेल तर हिमोग्लोबिन ८-९ वर आलेलं असतं आणि बाई म्हणते, जरा दमायला होतं. त्या धडधडीला लोहाची गोळी लागते, हृदयाची नाही. पाळी जायच्या सुमाराला अंगात गरम वाफा येऊन धडधडतं, तोही प्रकार वेगळा ओळखायचा.

मिश्री लावता का? हा प्रश्न मी आपल्या भागातल्या प्रत्येक बाईला विचारतो आणि तो सासूसमोर विचारत नाही. मिश्री ही तंबाखूच, त्यातलं निकोटीन ठोके वाढवतं. लावत असाल तर सोडा, धडधडीसाठीही आणि तोंडासाठीही. चहाचं मात्र तसं नाही. २०२३ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेल्या चाचणीत १०० निरोगी माणसांना आलटून-पालटून कॉफीचे आणि बिनकॉफीचे दिवस पाळायला लावले. कॉफीच्या दिवशी वरच्या कप्प्यांतले एक्टोपिक वाढले नाहीत, खालच्या कप्प्यांतले थोडे वाढले आणि झोप कमी झाली. म्हणून दोन-तीन कप चहा मी बंद करत नाही. उपवासाला दिवसभर पाण्याऐवजी चहाच, हे मात्र नको. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांत नाक मोकळं करणारं औषध असतं, ते ठोके वाढवतं. दम्याचा सालब्युटामोलचा पंप आणि थिओफिलिनची गोळी यांनीही धडधडतं. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याला घाम फुटून धडधडलं, तर आधी साखर मोजायची. ७०च्या खाली असेल तर साखरपाणी, बाकी सगळं नंतर.

एसव्हीटी पट्टीवर सिद्ध झाला तर दोन रस्ते आहेत. वर्षातून एखाददुसऱ्या वेळी येत असेल आणि सिरिंजने थांबत असेल, तर काही न घेताही राहता येतं. दर महिन्याला येत असेल तर रोजची गोळी, बीटा-ब्लॉकर किंवा व्हेरापामिल गटातली. गोळीने वारंवारता कमी होते, वाट मात्र तशीच राहते. कायमचा उपाय म्हणजे रेडिओफ्रीक्वेन्सी अब्लेशन. जांघेतल्या शिरेतून बारीक तारा हृदयात नेतात, आधी इलेक्ट्रोफिजिऑलॉजी तपासणीने, म्हणजे हृदयातल्या विजेची वाट आतून तपासून, ती संथ वाट शोधतात आणि नेमकी तेवढीच जागा उष्णतेने निकामी करतात. छाती उघडत नाहीत, बहुधा एक-दोन दिवसांत घरी सोडतात. तुमच्या संशयित प्रकारात यश ९५ टक्क्यांहून जास्त. एव्ही नोडलाच इजा होऊन पेसमेकर लागण्याचा धोका शंभरात एक किंवा त्याहून कमी, पण तो आहे, आणि डॉक्टरांनी तो समजावून सांगायला हवा. दर महिन्याला गळून पडणाऱ्या चाळिशीच्या रुग्णाला मी आयुष्यभर गोळ्या खाण्यापेक्षा अब्लेशनच सुचवतो. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ते बसतं का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला रेशनकार्ड दाखवून विचारा.

जाऊबाईंची अँजिओग्राफी इथे कामाची नाही. तिच्यात हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांमधले अडथळे दिसतात, ठोक्याच्या विजेचा बिघाड दिसत नाही. चालताना छाती आवळली जात असेल, जबड्यात किंवा हातात कळ जात असेल तर विषय वेगळा, तसं तुम्ही काही लिहिलेलं नाही.

घरातल्या इतरांची धडधड मात्र तुमच्या मापाने मोजू नका. सासऱ्यांसारखं साठी-सत्तरीचं माणूस असेल आणि नाडी कसल्याच तालात लागत नसेल, तर ते एट्रिअल फिब्रिलेशन असू शकतं. त्यात वरच्या कप्प्यात रक्ताची गुठळी होऊन मेंदूत जाते, पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट होतो. अनेकदा धडधड जाणवतही नाही, पहिलं लक्षण म्हणजे लुळा पडलेला हात. रक्त पातळ करणारी गोळी वेळेवर सुरू झाली तर यातले बरेच झटके टळतात. लहानपणी सांधे सुजून ताप आलेला आणि आता झडप अरुंद झालेली असेल, तर वय कमी असलं तरी हाच धोका असतो आणि तिथे आजही वॉरफरिन हे रक्त पातळ करणारं जुनं औषधच द्यावं लागतं. अटॅक येऊन गेलेल्या माणसाला नव्याने धडधड सुरू झाली, पळताना मुलगा भोवळ येऊन पडला, घराण्यात कुणी चाळिशीच्या आत अचानक गेलं, यांतलं काहीही असेल तर त्याच दिवशी दाखवायचं. आणि मधुमेह असलेले पन्नाशीच्या पुढचे लोक छातीत भरून आल्यावर ‘गॅस झालाय’ म्हणून सोडा पितात, तेव्हा आधी ईसीजी काढायला लावा.

झोपेच्या गोळीबद्दल. नाव लिहिलेलं नाही, पण अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपाम गटातली असेल आणि रोज घेत असाल, तर एकदम बंद करू नका. काही महिने घेऊन अचानक सोडली की बेचैनी, घाम, धडधड उसळते, आणि तुम्हाला वाटेल मूळ आजार वाढला. डॉक्टरांना सांगून काही आठवड्यांत हळूहळू कमी करा.

दिंडीला जा, असंच मला सांगायचं आहे, दोन गोष्टी जुळल्या तर. टीएसएच आणि हिमोग्लोबिन ठीक असू दे, आणि आतापासून रोज चार-पाच किलोमीटर चालून बघा, त्यात भोवळ किंवा छातीत दुखणं नको. वाटेत पाणी आणि लिंबू-मीठ-साखर सोडू नका, एकादशीचा उपवास निर्जळी करू नका. ईसीजी, इको आणि गोळ्यांचे फोटो मोबाइलमध्ये ठेवा, सिरिंज पिशवीत असू दे. दिंडीतल्या एका-दोन बायकांना तुमचा त्रास आणि पाय उचलायची पद्धत दाखवून ठेवा. पालखीच्या वाटेवर आरोग्य पथकं आणि १०८च्या गाड्या असतात, धडधड सुरू झाली तर तिथेच ईसीजी निघतो का ते विचारा. निघाला तर तुमचं अडलेलं निदान वाटेतच होईल. मात्र त्याआधीच्या एखाद्या धडधडीत शुद्ध हरपली, तर हृदयतज्ज्ञांनी बघेपर्यंत पायी निघू नका, या वर्षी गाडीने पंढरपूरला जा.